कोणाचाही काका : डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांची पडद्यावरची चार दशके

हिंदी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नायक-नायिकेनंतर जी नावे येतात, त्यांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिण्याची प्रथा आपल्याकडे रुजली नाही. आणि तरीही १९४० ते १९८० या काळातला कोणताही चांगला चित्रपट पुन्हा पाहिला, तर त्यातल्या माणसांची दुनिया खरी वाटावी यासाठी खपलेले हात बहुधा याच दुसऱ्या रांगेतले असतात. या रांगेतल्या नटाला व्यवसायात ‘चरित्र अभिनेता’ म्हणतात. नायक, नायिका, खलनायक आणि विनोदवीर या ठरलेल्या जागा भरल्यावर बाप, मामा, डॉक्टर, वकील, शेजारी, चाळीतला म्हातारा अशा ज्या जागा उरतात, त्या भरणारा तो चरित्र अभिनेता. गर्दीच्या दृश्यांत रोजंदारीवर उभे राहणाऱ्या ‘एक्स्ट्रा’पासून तो वेगळा असतो, कारण त्याला नाव असते, संवाद असतात आणि चित्रपटागणिक ठरलेले मानधन असते, पण जाहिरातीच्या फलकावर त्याचा चेहरा क्वचितच असतो आणि त्याच्या नावावर तिकिटे विकली जात नाहीत. डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पडद्यावर नुसते ‘डेव्हिड’, यांनी या जागेवर चाळीसहून अधिक वर्षे काढली आणि शंभराहून अधिक चित्रपटांत काम केले. ठेंगणा बांधा, पूर्ण टक्कल, गोल चेहरा आणि बोलण्याआधीच डोळ्यांत उमटणारे हसू एवढ्या सामग्रीवर त्यांनी हिंदी चित्रपटात एक नवे नाते रुजवले. रक्ताचा संबंध नसलेला, कशावरही हक्क नसलेला आणि म्हणूनच खरे बोलू शकणारा काका, हे ते नाते होय. या लेखाचा विषय तोच आहे.

२१ जून १९०९ रोजी जन्मलेले डेव्हिड हे बेने इस्रायल समाजातले. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नवगावच्या समुद्रात फुटले, वाचलेल्या मोजक्या कुटुंबांनी कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावांत वस्ती केली, तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या धर्मनियमामुळे गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायला सुरुवात केली. मराठी हीच त्यांची घरची भाषा. आडनावे पेणकर, रोहेकर, केहिमकर, चेऊलकर अशी गावांवरून पडलेली. बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तने करण्याची प्रथाही या समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजवली. चित्रपटाशी या समाजाचा संबंध बोलपटाच्या जन्मापासूनचा आहे, कारण १९३१ च्या ‘आलम आरा’ची संहिता ज्यांच्या नाटकावरून घेतली गेली ते जोसेफ डेव्हिड पेणकर याच समाजाचे होते. हिंदी चित्रपटातल्या ज्यू कलावंतांविषयी लिहिताना सुलोचना, प्रमिला, नादिरा आणि डेव्हिड अशी नावे एका दमात घेतली जातात. पण त्या तिन्ही अभिनेत्री बगदादी ज्यू परंपरेतल्या, म्हणजे पश्चिम आशियातून व्यापाराच्या निमित्ताने आलेल्या कुटुंबांतल्या होत्या, आणि त्यांच्या घरांचे सांस्कृतिक वळण वेगळे होते. डेव्हिड यांचे वळण कोकणी-मराठी होते, हा फरक पुसून चालणार नाही.

मुंबई विद्यापीठातून ते १९३० मध्ये बी. ए. झाले. जागतिक मंदीचा तडाखा बसलेल्या त्या वर्षांत पदवी हाती असूनही नोकरी मिळेना, आणि सुमारे सहा वर्षांच्या खटपटीनंतर त्यांनी चित्रपटाकडे वळण्याचा निर्णय घेतला. त्या काळच्या मध्यमवर्गीय पदवीधराच्या दृष्टीने हा निर्णय प्रतिष्ठेचा नव्हता. स्टुडिओच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या तरुणांत पदवीधर थोडे असत आणि नायकाला शोभेल असे रूप नसलेला पदवीधर तर अगदीच विरळा. नायमपल्ली या अनुभवी चरित्र अभिनेत्याशी असलेली मैत्री उपयोगी पडली आणि १९३७ मध्ये मोहन भवनानी यांच्या ‘झंबो’ या चित्रपटात डेव्हिड यांना पहिले काम मिळाले. टारझनपटांच्या लाटेवर निघालेला हा जंगलपट होता. पण याच भवनानींनी तीन वर्षांपूर्वी प्रेमचंदांना मुंबईत आणून त्यांच्याकडून गिरणी कामगारांवरची ‘मजदूर’ ही चित्रपटकथा लिहून घेतली होती. एकाच दिग्दर्शकाच्या हातून जंगलपटही निघावा आणि कामगारांची कैफियतही, असा तो काळ होता, आणि नवख्या नटाला यातले काय वाट्याला येईल हे निवडण्याची सोय नव्हती.

डेव्हिड यांच्या कारकिर्दीला निश्चित दिशा मिळाली ती १९४१ च्या ‘नया संसार’पासून. बॉम्बे टॉकीजच्या या चित्रपटाची कथा ख्वाजा अहमद अब्बास या तरुण पत्रकाराने लिहिली होती आणि वृत्तपत्राच्या कचेरीतले जग तिचा विषय होते. बॉम्बे टॉकीज ही १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाडला उभी केलेली संस्था म्हणजे ‘स्टुडिओ पद्धती’चा नमुना होय. या पद्धतीत नट, लेखक, तंत्रज्ञ हे सारे संस्थेचे पगारी नोकर असत आणि महिनाअखेरीस वेतन घेत. पुण्याच्या प्रभातमध्ये हीच व्यवस्था होती. दुय्यम भूमिका करणाऱ्याला या व्यवस्थेचा आधार मोठा असे, कारण काम असो वा नसो, चूल पेटत राही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र युद्धाच्या व्यवहारांत कमावलेला पैसा चित्रपटात शिरला, एकेका चित्रपटापुरते निर्माते उभे राहिले, त्यांनी मोठ्या रकमा देऊन तारे फोडले आणि स्टुडिओ मोडकळीस आले. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात या ताराकेंद्रित व्यवस्थेवर टीका केली, ती याच अनुभवाच्या आधारावर. ताऱ्यांचे मानधन वाढले की तो पैसा उरलेल्यांच्या मानधनातून कापला जाणार, हे उघड होते; आणि चरित्र अभिनेत्याला जगण्यासाठी एकाच वेळी अनेक चित्रपटांत थोडे थोडे काम घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ज्या नटांच्या नावावर शेकडो चित्रपट दिसतात, त्यांची ती संख्या कीर्तीपेक्षा या आर्थिक सक्तीची खूण आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

अशा मोडतोडीच्या काळात डेव्हिड यांना टिकवून धरले ते विचारांनी जवळ असलेल्या माणसांच्या गोतावळ्याने. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या ‘इप्टा’ने, म्हणजे भारतीय जननाट्य संघाने, बंगालच्या दुष्काळावर ‘धरती के लाल’ हा चित्रपट १९४६ मध्ये काढला. त्याचे दिग्दर्शन अब्बास यांचे होते आणि शंभू मित्र, तृप्ती मित्र, बलराज साहनी यांच्याबरोबर त्यात डेव्हिडही होते. पुढे अब्बास यांनी आपल्या निर्मितीसंस्थेला ‘नया संसार’ हेच नाव दिले, आणि या संस्थेच्या चित्रपटांत डेव्हिड यांची जागा जवळजवळ ठरलेली राहिली. गाण्याशिवाय हिंदी चित्रपट निघू शकतो हे दाखवू पाहणारा ‘मुन्ना’ (१९५४), चार वाटांच्या चौकाभोवती तीन कथा गुंफणारा ‘चार दिल चार राहें’ (१९५९), पाण्याच्या मोठ्या नळात संसार थाटणाऱ्या जोडप्याची कथा सांगणारा आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा ‘शहर और सपना’ (१९६३) हे सगळे त्याच परंपरेतले. ‘शहर और सपना’मध्ये बेघरांच्या वस्तीतली ज्येष्ठ मंडळी म्हणून नाना पळशीकर, मनमोहन कृष्ण आणि डेव्हिड असे तीन चरित्र अभिनेते एकत्र येतात, आणि चित्रपटाचे खरे बळ कोवळ्या नायक-नायिकेपेक्षा या तिघांच्या सहवासात आहे हे जाणकाराच्या सहज ध्यानात येते. त्या भूमिकेसाठी पळशीकरांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

तथापि डेव्हिड यांचे नाव ज्या भूमिकेशी कायमचे जोडले गेले, ती राज कपूर निर्मित आणि प्रकाश अरोरा दिग्दर्शित ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधली जॉन चाचाची. आईवेगळी झालेली भोला आणि बेलू ही भावंडे मावशीच्या ताब्यात सापडतात. ती त्यांना रस्त्यावर भीक मागायला पाठवते आणि कमाई कमी पडली की मारते. वस्तीत राहणारा जॉन चाचा या मुलांना हात पसरण्यापेक्षा हात चालवायला शिकवतो, आणि मुले पै-पै साठवून बूट पॉलिशची सामग्री विकत घेतात. इथवर ही गोष्ट बोधकथा झाली असती. तिला बोधकथा होऊ देत नाही ती एक बाब, आणि ती पटकथेने डेव्हिड यांच्या खांद्यावर टाकली आहे. जॉन चाचा स्वतः चोरटी दारू विकतो. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली होती आणि शहरातल्या गरीब वस्त्यांत हातभट्टीचा धंदा पसरला होता. प्रेक्षकांपैकी पुष्कळांनी असा माणूस आपल्या गल्लीत पाहिलेला असणार. स्वतः कायदा मोडणाऱ्याने मुलांना इमानदारी शिकवायची, आणि तरी तो ढोंगी वाटू नये, ही या भूमिकेची कसोटी आहे.

डेव्हिड यांनी ती कसोटी कशी पार केली हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. उपदेशाच्या जागी ते आवाज चढवत नाहीत. मुलांशी बोलताना खाली बसतात, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात, आणि त्यांची ठेंगणी मूर्ती इथे फार मोलाची ठरते, कारण उंच, भारदस्त नट मुलांपुढे वाकला की तो कृपा करणारा दिसतो, तर डेव्हिड त्यांच्यातलेच एक वयस्क मूल वाटतात. शंकर-जयकिशन यांच्या संगीतातले मुलांबरोबरचे सुप्रसिद्ध प्रश्नोत्तरांचे गाणे त्यांच्यावर चित्रित झाले आहे. पार्श्वगायन म्हणजे गायकाने आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर नटाने ओठ हलवण्याची पद्धत. हे काम नायकाचे मानले जाई आणि चरित्र अभिनेत्याला ते क्वचितच मिळे. मोहम्मद रफी यांचा भरदार, सुरेल आवाज एका टकल्या, गरीब, मध्यमवयीन माणसाच्या तोंडी शोभावा, यासाठी डेव्हिड यांनी गाण्याचे हावभाव अगदी कमी केले आणि सगळी उमेद मुलांच्या उत्तरांकडे पाहणाऱ्या नजरेत ठेवली. पुढे जॉन चाचाला अटक होते आणि तुरुंगात टक्कल पडलेले कैदी पावसाला साद घालतात, ते गाणे मन्ना डे यांच्या आवाजात आहे. रागदारीच्या ढंगाच्या त्या थट्टेला एक करडी बाजू आहे, कारण तोच पाऊस बाहेर मुलांचा धंदा बुडवतो. रस्त्यात चिखल झाला की बूट कोण पुसून घेणार? हसवणाऱ्या दृश्यामागे पोटाचा हिशेब चालू ठेवण्याची ही रीत त्या काळच्या चांगल्या पटकथाकारांची खासियत होती, आणि तुरुंगातला डेव्हिड यांचा चेहरा ती दोन्ही टोके धरून ठेवतो.

फिल्मफेअर पुरस्कारांचे पहिले वर्ष १९५४. त्या वर्षी साहाय्यक भूमिकांचा विचारच झाला नव्हता. तो विभाग दुसऱ्या वर्षी, १९५५ मध्ये, सुरू झाला आणि साहाय्यक अभिनेत्याचा पहिलाच पुरस्कार जॉन चाचासाठी डेव्हिड यांना मिळाला. ‘बूट पॉलिश’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही मान मिळाला. साहाय्यक अभिनेत्रीचा पहिला पुरस्कार ‘बादबान’साठी उषा किरण यांना गेला. हिंदी चित्रपटाने दुसऱ्या रांगेची पहिली अधिकृत दखल घेतली तेव्हा ती रांग दोन मराठीभाषक कलावंतांनी सुरू झाली, याकडे मराठी वाचकाचे लक्ष जायला हवे. याच वर्षी ‘बूट पॉलिश’ कान महोत्सवात दाखवला गेला आणि बेलू झालेल्या बेबी नाझच्या कामाची परीक्षकांनी विशेष नोंद घेतली. लहान मुलांकडून असे काम उमटते तेव्हा त्याचा निम्मा वाटा समोर उभ्या असलेल्या मोठ्या नटाचा असतो. त्याने आपला वेग त्यांच्या वेगाला जुळवून घेतला नाही, तर मूल पाठ केलेले वाक्य म्हणून मोकळे होते.

१९५७ मध्ये अब्बास आणि सोव्हिएत दिग्दर्शक वसिली प्रोनिन यांनी मिळून काढलेला ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत सहनिर्मितीचा चित्रपट डेव्हिड यांच्या भूमिकेच्या लांबीसाठी नव्हे, तर एका योगायोगासाठी इथे नोंदवायला हवा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन हा त्याचा नायक. हा निकितिन भारताच्या भूमीवर उतरला तो चौलच्या बंदरात, आणि तिथून जुन्नरमार्गे बहामनी राजधानी बीदरकडे गेला. ज्या बंदराचे नाव डेव्हिड यांच्या घराण्याने आडनाव म्हणून शतकानुशतके सांभाळले, त्याच बंदरात सुरू झालेल्या प्रवासावरच्या चित्रपटात ते नट म्हणून उभे होते. पण श्रेयनामावलीत ‘चेऊलकर’ नव्हते, फक्त ‘डेव्हिड’ होते. आडनाव गाळण्याची ही पद्धत त्या काळी सर्रास होती आणि तिच्यामागे वैर नव्हते. तरी तिचा एक परिणाम झाला. प्रेक्षकांच्या मोठ्या वर्गाने त्यांना ख्रिस्ती मानले, आणि रायगडच्या किनाऱ्याशी असलेले त्यांचे नाते मराठी वाचकांच्याही नजरेआड गेले.

या गैरसमजाला पडद्यावरच्या भूमिकांनीही हातभार लावला. जॉन, मोझेस, टॉम अशी नावे त्यांच्या वाट्याला वारंवार आली. हिंदी चित्रपटातल्या ख्रिस्ती पात्राचा एक साचा फार लवकर तयार झाला होता: हातात बाटली, तोंडी मोडकी हिंदी, कथेत हसण्यापुरते स्थान. ज्या काळात गोव्याचे ख्रिस्ती वादक आणि संगीत-संयोजक हिंदी चित्रपटसंगीताचा निम्मा डोलारा उचलत होते, त्याच काळात पडद्यावर त्यांच्या समाजाची ही अवस्था असावी, हा मोठा अन्याय होता. डेव्हिड यांची ख्रिस्ती पात्रे या साच्यात बसत नाहीत; ती गरीब असतील, गुन्हेगारही असतील, पण हास्यास्पद नसतात. साचा म्हणजे एकदा यशस्वी झालेली भूमिका नटाच्या गळ्यात कायमची बांधणे. जगदीश राज यांना पोलीस अधिकाऱ्याच्या गणवेशाने असे जखडले की त्या एकाच प्रकारच्या १४४ भूमिकांमुळे त्यांचे नाव गिनेस बुकात गेले. डेव्हिड मात्र पारशी रुस्तम झाले, हिंदू हरिपद झाले, डॉक्टर केदार झाले आणि राम दयालही झाले. ज्यू माणसाचा कोणताही ठरलेला साचा हिंदी पडद्यावर नव्हता, म्हणून ते कोणत्याही समाजाचे वयस्क आप्त होऊ शकले, असे अनुमान काढता येते. त्यांच्या समाजाचे संख्येने लहान असणे इथे त्यांच्या पथ्यावर पडले.

या रुंदीचा सर्वांत सुजाण उपयोग केला तो हृषिकेश मुखर्जी यांनी. मुखर्जी मूळचे संकलक, म्हणजे चित्रित झालेल्या तुकड्यांतून चित्रपट जुळवणारे तंत्रज्ञ. बिमल रॉय यांच्या हाताखाली ते तयार झाले. संकलकाच्या नजरेला पात्राची लांबी महत्त्वाची नसते, ते पात्र कथेत नेमके कधी येते आणि कधी जाते हे महत्त्वाचे असते, आणि अशा दिग्दर्शकाला तीन मिनिटांत पूर्ण माणूस उभा करणारा नट हवा असतो. ‘मेम-दीदी’ (१९६१) मध्ये त्यांनी डेव्हिड आणि जयंत यांना वस्तीतले दोन गुंड केले आणि त्यांना वठणीवर आणायला ललिता पवारांना उभे केले. त्याआधी ‘अनाडी’तल्या मिसेस डिसाने पवारबाईंना साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला होता, त्यामुळे ‘मेम-दीदी’ हा चरित्र अभिनेत्यांनाच मध्यभागी ठेवणारा, त्या काळी दुर्मीळ असलेला प्रयोग ठरतो. ‘अनुपमा’ (१९६६) मध्ये बापाच्या रोषाखाली मुकी झालेल्या मुलीभोवती जी थोडी मायेची माणसे आहेत, त्यांत डेव्हिड यांचा मोझेस आहे. ‘सत्यकाम’ (१९६९) मध्ये रुस्तमच्या रूपाने ते सत्याच्या हट्टापायी झिजणाऱ्या नायकाच्या वाटेत येतात. या तिन्ही चित्रपटांत त्यांची पात्रे कथेला धक्का देत नाहीत. ती कथेतल्या दुखावलेल्या माणसाला टेकायला जागा देतात.

‘अभिमान’ (१९७३) मधली भूमिका लांबीने लहान, पण सारी कथा तिच्यावर फिरते. गायक नवरा आणि त्याच्यापेक्षा सरस गाणारी बायको यांच्या लग्नाच्या स्वागत समारंभात दोघे मिळून गातात, आणि पाहुण्यांतले जाणकार ब्रिजेश्वरलाल, म्हणजे डेव्हिड, ते ऐकतात. गाण्याच्या चित्रीकरणात ऐकणाऱ्याचा चेहरा अधूनमधून दाखवण्याची पद्धत आहे, आणि बहुतेक वेळा तो चेहरा माना डोलावण्यापलीकडे काही करत नाही. डेव्हिड मात्र खरोखर ऐकतात. आधी आनंद, मग तुलना, मग तुलनेच्या निष्कर्षाने आलेली चिंता असा क्रम त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येतो, आणि गाणे संपल्यावर बायको नवऱ्याहून वरचढ आहे व त्यातून पुढे दुःख उद्भवेल असे भाकीत ते शेजाऱ्याजवळ करतात, तेव्हा प्रेक्षकाला ते आधीच कळलेले असते. हा संवाद काढून टाकला तर पुढचा सारा कलह अचानक उगवल्यासारखा वाटेल. साहाय्यक भूमिका या शब्दाचा अर्थ नायकाला साहाय्य असा घेतला जातो. ‘अभिमान’मधले साहाय्य कथेला आहे, आणि हे समजून काम करणारे नट प्रत्येक पिढीत थोडेच असतात.

‘चुपके चुपके’ (१९७५) मधले हरिपद भैया आणि ‘गोल माल’ (१९७९) मधले केदार मामा या भूमिका आणखी वेगळ्या कारणाने अवघड आहेत. या दोन्ही चित्रपटांत विनोद एका फसवणुकीवर उभा आहे, आणि ती फसवणूक सुरू व्हायला एका विश्वासू वडीलधाऱ्याची संमती लागते. अस्सल हिंदी बोलणारा ड्रायव्हर हवा हा मेहुण्याचा निरोप हरिपद भैयांकडे येतो आणि त्यातून सारा खेळ उभा राहतो. केदार मामांना तर भवानी शंकर नावाच्या विक्षिप्त मालकाच्या सगळ्या आवडीनिवडी, त्याचे मिशीप्रेम, तरुणांच्या खेळ-करमणुकीविषयीचा त्याचा तिटकारा, हे सारे एकाच बैठकीत भाचा रामप्रसाद याला आणि प्रेक्षकाला सांगायचे आहे. पटकथेतला माहिती पुरवणारा प्रवेश हा नटाच्या दृष्टीने सर्वांत निरस असतो. तो ओढून नेला तर चित्रपट सुरुवातीलाच बसतो. डेव्हिड तो प्रवेश भाच्याची मजा घेत, अर्ध्या गुपिताच्या सुरात सांगतात, त्यामुळे प्रेक्षकाला आपण माहिती ऐकत आहोत असे न वाटता आपण कटात सामील झालो आहोत असे वाटते.

पडद्याबाहेरही त्यांचा आवाज परिचित होता. फिल्मफेअर पुरस्कार सोहळ्यांचे सूत्रसंचालन त्यांनी अनेक वर्षे केले. आज हे काम लोकप्रिय तारे करतात; त्या काळी ते चरित्र अभिनेत्याकडे होते, कारण त्यासाठी लागणारे इंग्रजी-हिंदीवरचे सारखे प्रभुत्व, हजरजबाबीपणा आणि कोणालाही न दुखावता हसवण्याची ताकद त्यांच्याजवळ होती. भारोत्तोलनाच्या खेळातही त्यांना जाणता रस होता. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ते अविवाहित राहिले. इस्रायलच्या स्थापनेनंतर बेने इस्रायल समाजातली बहुसंख्य कुटुंबे देशाबाहेर गेली, कोकणातली गावे आणि मुंबईतल्या गल्ल्या त्यांच्यापुरत्या रिकाम्या झाल्या. पण डेव्हिड कारकीर्द चालू असेपर्यंत मुंबईतच राहिले. अखेरीस ते कॅनडात नातेवाइकांकडे गेले आणि १९८१-८२ च्या हिवाळ्यात टोरांटो इथे त्यांचे निधन झाले.

सत्तरीच्या आसपासच्या त्यांच्या कामात थकवा दिसत नाही. ‘खूबसूरत’ (१९८०) मध्ये ते नायिकेचे वडील राम दयाल आहेत; शिस्तीच्या घरात हशा घेऊन येणारी मुलगी कोणत्या घरात वाढली असेल, याचे उत्तर प्रेक्षकाला बाप-लेकीच्या सुरुवातीच्या दृश्यांतच मिळते, आणि दीना पाठक यांच्या करड्या गृहिणीसमोर मुलीचे वागणे उद्धट न वाटता मोकळे वाटते, ते या बापामुळे. पण त्यांच्या अखेरच्या काळातले सर्वांत परिपूर्ण काम बासू चॅटर्जी यांच्या ‘बातों बातों में’ (१९७९) मधल्या टॉम अंकलचे आहे. वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्तीतली, लोकलने चर्चगेटला जाणारी, नोकरी करणारी माणसे या चित्रपटात कोणत्याही साच्याशिवाय आली आहेत, आणि टॉम अंकल हा त्यांच्यातला दुवा आहे. ठरलेल्या गाडीत रोज दिसणाऱ्या तरुण टोनीला तो हेरतो, नायिका नॅन्सीशी त्याची ओळख करून देतो आणि पुढे दोघांचे बिनसते तेव्हाही दोघांशी बोलणारा तोच उरतो. मुंबईच्या लोकलमध्ये डब्यातल्या माणसांशी जुळणारी ही ओळख आप्तांहून दूरची आणि शेजाऱ्याहून जवळची असते; तिच्यात सल्ला देण्याचा अधिकार नसतो, फक्त सवय असते. डेव्हिड यांनी टॉम अंकलच्या प्रत्येक सल्ल्यात तो अधिकार नसल्याची जाणीव ठेवली आहे: ते आधी चाचपून पाहतात, मग थट्टेत सुचवतात, आणि समोरच्याने नकार दिला तर विषय बदलून पुढच्या स्टेशनपर्यंत दुसरेच काही बोलत राहतात. पंचवीस वर्षांपूर्वी जॉन चाचाने वस्तीतल्या दोन मुलांशी जे नाते जोडले होते, तेच इथे पांढरपेशा मुंबईत आले आहे. फरक इतकाच की जॉन चाचाला मुलांसाठी तुरुंगात जावे लागते, तर टॉम अंकलला संध्याकाळची गाडी गाठायची असते.